मागून आणलेली कडी

येलहंका, बंगळूर
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कस्तुरीताई,

तुला ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर हसशील, म्हणून सरळ विचारते: जेवतेस ना वेळेवर? मी बरी आहे. इथे थंडी पडली आहे.

बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आलं, वजन वाढतंय, असा शंतनुभाऊजींचा निरोप मिळाला. मी कारखान्यातला लेथ बंद केला आणि निरोप पुन्हा वाचला.

सोबत भिकबाळीची नवी कडी आहे. पहिलीत तांत्रिक दोष नव्हता. विमानाचे भाग कापून उरलेल्या टायटॅनियमच्या भंगारातून मी कानातल्यांचे आकडे, कड्या करते, तशीच तीही केली होती. तुकडा रीतसर विकत घेऊन. त्यावर तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “पैसे दिलेस? अगं, मूल जगावं म्हणून भीक मागून करतात ती भिकबाळी. ही नुसती बाळी झाली!”

मला राग आला. पैसे कोणी दिले हे धातूला काय कळतं? पण फोनवर तू हळूच विचारलंस, “दुसरी करशील? मागून?”

म्हणून मी नागनाथ अण्णांकडे गेले. आमचे फोरमन, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी घरातले.

“अण्णा, एक तुकडा पाहिजे.”

“सरी, चालेल की. वजन करून देतो.”

“नाही, फुकट पाहिजे.”

“का हो अक्का, पगार झाला नाही काय?”

सगळे हसले. मग सांगावंच लागलं. “बहिणीला मुलगा झालाय. आधीची दोन राहिली नाहीत.”

हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. तुझ्यापुढेही नाही. दोन्ही वेळा तुझ्याशी फक्त औषधांबद्दल बोलले.

अण्णांनी हातमोजे काढले. “असं ताठ उभं राहून मागतात काय? पदर पसरा.”

पदर कुठला! ॲप्रन पसरला. अण्णांनी त्यात एक पट्टी टाकली. मग लेथवरचे दोघे आले, त्यांनीही एकेक टाकली. एवढ्याची गरज नव्हती. मी नको म्हटलं नाही.

कडी पाऊण मिलिमीटर जाड आहे. निकेल अजिबात नाही, त्यामुळे कान चिघळणार नाही. तापवल्यावर सोनेरी झाक आली. टोकं गालावर घासून पाहिली आहेत. मोती सासूबाईंनी ओवावेत. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच कान टोचा.

डिसेंबरात येते. तिकीट काढलंय. आधीच्या दोघांना मी हात लावला नव्हता, धीर झाला नाही. याला मांडीवर घ्यायचं आहे. देशील ना?

बाळाची मावशी,
मनस्विनी