पंचावन्न सालची गुंडाळी

१३ ऑक्टोबर १९६९, सोमवार

आज ह्यांनी पुन्हा पंचावन्न सालची गुंडाळी काढली!

ह्यांचे सौदे म्हणजे अझुकीच्या, त्या लाल कडधान्याच्या, दाण्यांचे वायदे. रोजचा भाव कागदाच्या लांब गुंडाळीवर मीच काढते — चढला तर लाल कांडी, पडला तर काळी. मग हे जुन्या सालांच्या गुंडाळ्या शेजारी पसरून बघणार, यंदाचं साल कुणावर गेलंय. आणि सकाळी घेतलेलं दुपारी बाजार उठायच्या आत विकून मोकळे. "बायको सोडून मुक्कामाला काही नको," म्हणतात. जिभेला काही हाड!

१४, मंगळवार

तीन वर्षं मनात ठेवलंय. इथे तरी लिहिते.

पंचावन्नची खरी गुंडाळी माझ्या हातून मिसोच्या सारात भिजली. हे तेव्हा ओसाकाला. दोन दिवस बसून नवी काढली — थोडी आठवून, बरीचशी मनाने! रविवार तेवढे न विसरता सोडले. जुनी दिसावी म्हणून चहाचं पाणीही फिरवलं.

१५, बुधवार

"इत्सुए, यंदाचं साल पंचावन्नच्या पावलावर पाऊल टाकतंय बघ. ही तेवीस नोव्हेंबरची उंच लाल कांडी — तशीच, यंदा महिनाभर आधी, या शुक्रवारी येणार. साठवलेलं सगळं लावतो."

ती कांडी माझी! आमच्या लग्नाच्या दिवशी बाजार पडलेला कसा दाखवायचा, म्हणून काढलेली!

सांगायला गेले, तर ह्यांचं कौतुक सुरू. "हात बघा हिचा, छापखाना लाजेल!" तशीच चहा ठेवायला आत परतले.

१६, गुरुवार

सांगितलं. सकाळी भात वाढताना, एका दमात. हे लोणचं चावत राहिले.

"बरं. अजून थोडा भात."

एवढंच! ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७, शुक्रवार

राहवेना. दुपारी ह्यांच्या दलालाला, मुराकीसानना, फोन केला.

"तोकुजिरोसान? आज एक दाणा घेतला नाही त्यांनी. सकाळपासून नुसते गालात हसत बसलेत."

"ती पंचावन्नची गुंडाळी—"

"गुंडाळी कसली, वहिनी? त्या सालचे भाव त्यांच्या वहीत आहेत, आमच्या कपाटात. सौदा करायचा तर तीच बघतात."

मग घरी ती गुंडाळी काढतात तरी कशाला? मुराकीसान म्हणाले, "ते नवऱ्यालाच विचारा!"

विचारलं नाही. लाज वाटली.

१८, शनिवार

हे अंघोळीला गेले तेवढ्यात गुंडाळी उघडली. तीन वर्षांत पहिल्यांदाच हात लावला तिला. त्या लाल कांडीच्या बरोबर पाठीमागे, कागदाच्या उलट्या बाजूला, ह्यांचं बारीक अक्षर. खाली तारीख — ओसाकाहून परतल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

'या दिवशी बाजार बंद होता. सुट्टी होती, म्हणून तर लग्न. पण कांडी बरोबर आहे.'