चिकटलेली दोन पानं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा रक्तदाब आणि तुमच्या बैठकीची पश्चिमेकडची खिडकी, तिघांची खुशाली कळव. (खिडकीचं का विचारतोय ते पुढे येईलच. घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे.)

त्या चित्रकाराची छापील रोजनिशी आठवते ना? बावीस वर्षांपूर्वी जिच्या जोरावर मी, कुणाच्याही हाताखाली न शिकता, पाट्या रंगवणाऱ्याचा चित्रकार झालो आणि घरादाराला वात आणला, तीच. 'हात थरथरला तरी नजर थरथरू नये' हे तिच्यातलं वाक्य दुकानाच्या दारावर अजून आहे. परवा ती पुन्हा वाचायला काढली. ताई, त्या माणसाचं पोट कायम बिघडलेलं असायचं गं! तेव्हा मला जिथे साधना दिसली होती, तिथे आता नुसते आंबट ढेकर दिसतात. (सदतीस. मोजले.) तेही सोसलं असतं, पण चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी ही पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. तेव्हा मी त्र्याऐंशीवरून थेट शहाऐंशीवर गेलो होतो, आणि मला वाटलं होतं, मोठ्या माणसांच्या विचारांना अशा उड्या असतातच.

चिकटवली मीच. त्र्याऐंशीव्या पानावर अंड्याचा पांढरा भाग आणि मध घोटून चित्राला लेप द्यायची कृती आहे. ती मी वाचता वाचताच करायला घेतली, आणि त्याच बोटांनी पान उलटलं. आता किटलीच्या वाफेवर पानं सोडवली, तर आत लिहिलंय: 'उन्हाने लेप आकसला. चित्रातल्या बाईंच्या ओठांचे कोपरे वर ओढले गेले. ही कृती कोणी करू नये.' बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, "काही म्हणा, बावीस वर्षं पान सुटलं नाही. लेप पक्का आहे."

आता तुझ्याकडचं बाबांचं चित्र. अकरा रविवार ते माझ्यासमोर बसले, एकदाही 'वा' म्हणाले नाहीत. शेवटी उठताना 'कान जमलाय' एवढंच. (उजवा.) त्यावर मी तोच लेप दिला, चांगले तीन हात. बाबा गेल्यावर चित्र तुझ्याकडे आलं, बैठकीत त्या पश्चिमेच्या खिडकीसमोर लागलं, आणि गेल्या वर्षी तू फोनवर म्हणालीस, "अरे, बाबा हल्ली हसल्यासारखे वाटतात." तेव्हा मी तुला अर्धा तास ऐकवलं की खरं चित्र बघणाऱ्याबरोबर वाढत जातं. ते सगळं परत घेतो. बाबा वाढत नाहीयेत, आकसताहेत. हसण्यातले होते का ते? आज ओठ, उद्या नाक, आणि मग तो कान! माझ्या हातून त्यांना पसंत पडलेली तेवढी एकच गोष्ट आहे गं.

बाकी ठीक. जेवण जात नाही.

तुझा,
नजर थरथरलेला भाऊ

ता. क. चित्र उतरवून, सपाट बांधून दाजींच्या हाती पाठव. ओठ सरळ करून देतो. कुणी विचारलंच, तर चौकट बदलायचीय म्हण.

ता. क. २. त्याआधी ओठाच्या कोपऱ्यापासून उजव्या कानाच्या पाळीपर्यंत फूटपट्टी लाव. मी काढलं तेव्हा नेमकं अडीच इंच होतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. कान जागेवर असेल तर चित्र राहू दे तिथेच. फक्त समोरून एक फोटो काढून पाठव. बाबांना हसताना मी कधी पाहिलेलं नाही. आणि खिडकीला पडदा लाव; फार हसायलाही नकोत.