ओट्याखालची कपाटं

५ जानेवारी १९९७, रविवार
बायकोचा, म्हणजे रतनचा, थोरला भाऊ आबाजी कऱ्हाटीहून आला. पेला घ्यायला स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याखालच्या कपाटाचं दारच हातात घेऊन बाहेर आला. "दाजी, तुमी सुपरवायझर ना? मग हे काय हाय?" सगळे हसले. बायको सगळ्यात जास्त. मी शांतपणे सांगितलं, पंधरा दिवसांनी या, ओळखू येणार नाही. कपाटं बदलायची नाहीत. अस्सल सागवान आहे. स्वतः रंगवणार.

७ जानेवारी
दस्तगीर सुताराला सहज विचारलं. म्हणाला, दारं काढा, सोड्यानं धुवा, घासा, मग रंग. बारा वर्षांचं तेल हाय त्यावर. काम वाढवायची युक्ती! हा मला शिकवणार? रंग, ब्रश, पितळी मुठी आणल्या.

११ जानेवारी, शनिवार
सकाळी ११. सुरुवात. रंग पिस्ता. रतन म्हणाली, आमच्या वॉर्डासारखा दिसतो. नर्स आहे, तिला सगळीकडे वॉर्डच दिसणार.
दुपारी ३. संपलं. तेही दारं न काढता. बिजागऱ्यांनाही रंग दिला, गंजायला नकोत. धूळ बसू नये म्हणून दारं घट्ट लावली.

१२ जानेवारी
दारं उघडत नाहीत. कणीक, डाळ, तेल, सगळं आत. रतन उपाशी ड्युटीवर गेली. मी काही आवाज चढवला नव्हता. शेजारच्या सिंधुबाईंना खिडकीत येऊन उभं राहायची सवयच आहे.
संध्याकाळी दारांच्या फटीत पटाशी घातली. एक दार फुटलं. सागवान कसलं, फसवलंय. बाकीची उघडली, पण रंग बोटाला लागतो. थंडीमुळे. रंगाच्या कंपनीला कडक पत्र लिहिणार.

१५ जानेवारी
रंग अजून ओला. कंपनी हरामखोर. रतनच्या ड्युटीच्या पांढऱ्या साडीला पिस्ता पट्टा. ओरडली असती तर मी बघून घेतलं असतं. ती खाली बसून रडायला लागली. म्हणाली, "बारा वरसं ह्या ओट्याशी उभी हाय. काय पायजे म्हणून एकदा तरी विचारलं का?"
इतका राग आला की जेवलो नाही. जेवण नव्हतंच.

१६ जानेवारी
रतननं रजा टाकली. दस्तगीरला बोलावलं. मला न विचारता! दारं अंगणात. दोघं पिस्ता खरवडतायत. मी उभा राहून लक्ष ठेवलं. रतन म्हणाली, बाजूला व्हा, ऊन अडतंय.
आता मी एक शब्द बोलणार नाही. बघू कसं होतं.

१९ जानेवारी, रविवार
आबाजी आला. दारं पांढरीशुभ्र, एका बोटानं उघडतात. मुठी माझ्याच. त्यानं विचारलं, कुणी केलं? मी तोंड उघडायच्या आत रतन म्हणाली, "ह्यांनी."
आबाजीनं खांद्यावर हात ठेवला. "दाजी, मानलं! आमची कपाटं बी लई जुनी झाल्यात. येत्या रविवारी या कऱ्हाटीला."
मी हो म्हणून बसलो.
तो गेल्यावर रतनला विचारलं, तू येशील ना?
म्हणाली, "न्हाय. मला ड्युटी हाय."