शेंगांच्या झाडावरचे हेर

४ जुलै, सकाळ.
आमच्या पोरीचं, अनेल्डाचं लग्न वीसला. ओमारुरूच्या व्याह्यांना शब्द दिलाय: पंगतीला कुडू हरणाचं मटण, तेही मी स्वतः मारलेलं. हेस्मा म्हणाली, फुशारक्या पुरे, गुमान मेंढी काप. बायकोचा विश्वास कधी बसायचा!

७ जुलै.
ओढ्यातल्या शेंगांच्या झाडाखाली कुडू. शिंगं ही एवढी! बंदूक उचलली, तोच फांदीवरचा म्हातारा बबून माकड भुंकला. कुडू पसार. योगायोग.

८ जुलै.
योगायोग नव्हे. बबून वरून शेंगा टाकतात, कुडू खाली फुकट जेवतो. संगनमत आहे. शेजारचा कूट फोनवर म्हणाला, बबूनच्या वाटेला जाऊ नकोस, कुडू त्यांच्यामागेच फिरतात. न विचारता सल्ला? डाव दिसतो.

१० जुलै.
ठराव: आधी हेर, मग कुडू. गोळ्या वाया. टोळी माझी गाडी ओळखते.

११ जुलै.
पायी गेलो. बूटही ओळखतात.

१३ जुलै.
बबून बाईमाणसाला घाबरत नाहीत, हे सगळ्या नामिबियात शेंबडं पोरही जाणतं. हेस्माचा फुलाफुलांचा झगा घातला, डोक्याला रुमाल. म्हाताऱ्यानं मला बराच वेळ न्याहाळलं. मिशीचा संशय आला असावा. पण भुंकला नाही. एका गोळीत पाडला! झगा काखेत उसवला. हेस्माचा थयथयाट, म्हणे लग्नात घालायचा होता. मग दोरीवर का टाकला?
कूटच्या कुंपणापाशी काहीतरी चमकलं. दुर्बीण? चौकशी करायला हवी.

१५ जुलै.
टोळी गेली. रान माझं. आता कुडू बिनधास्त येणार.

१६ जुलै.
आला नाही. लाजत असेल.

१७ जुलै.
शेंगा सगळ्या झाडावरच. खाली टाकणार कोण? काठीनं झोडपून मीच पाडल्या. घोरपडसुद्धा फिरकली नाही.

१९ जुलै.
कूटच्या बाजूला बबूनचं भुंकणं. माझेच आहेत, आवाज ओळखला. फितूर! मग एक बार. कसला, कोण जाणे.

२० जुलै, संध्याकाळ.
लग्न झकास. पहाटेच कूटनं आख्खा कुडू पाठवला, पोरीला आहेर म्हणून. म्हणे बबूनच्या मागोमाग आला, व्हरांड्यातूनच टिपला. व्याह्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते उठून माझ्या नेमबाजीचं कौतुक करू लागले. भरल्या मांडवात त्यांना मध्येच कसं तोडायचं? मी मान खाली घातली. शेजारी हेस्मा, काखेत ठिगळ लावलेल्या झग्यात.
मग कूट उठला, माझ्या ताटात मोठा तुकडा वाढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, घ्या वहिनी, लाजू नका.
मटण मऊ होतं.