आठव्या दिवसाचं ऊन

बाबा,

आज सकाळी तुमच्या नातवाची सुंता व्हायची होती. झाली नाही. पुण्याहून सुंता करणारे काका पहिल्या गाडीने आले. त्यांची पेटी मधल्या खोलीत स्टुलावर ठेवली आहे, आणि प्रत्येक सुंतेला येतो म्हणतात त्या नबी एलियाहूसाठी मी कालच पुसून ठेवलेली खुर्ची पांढरी चादर पांघरून भिंतीला टेकून आहे. आठव्या दिवशी मुलाची सुंता ही आपल्या बेने इस्रायल यहुद्यांत कोणी ठरवायची गोष्ट नसते. दिवस उजाडतो आणि ती होते. आमच्या घरात मात्र ती ठरवावी लागते आहे, तीही सूर्य मावळायच्या आत. अंधार पडल्यावर काका हात लावणार नाहीत आणि उद्या पहाटे परत जातील. आठवा दिवस चुकला तरी पुढे केव्हाही करता येते, हे मला ठाऊक आहे. पण आज टाळलं तर मी त्यांना पुन्हा बोलावणार नाही, हेही ठाऊक आहे.

तुमच्या सुनेने बाळाला घेऊन आतली खोली लावून घेतली आहे. तीन मुलींनंतरचा हा मुलगा. ती रडत नाही, भांडतही नाही. काका दाराशी जाऊन म्हणाले, "पोरी, इतक्यांच्या केल्या, एकही पोरगं अजून माझ्यावर रुसलेलं नाही." आतून ती म्हणाली, "काका, तुमच्या हाताची मला भीती नाही. तुम्ही जेवून घ्या." काका माझ्याकडे वळून हसले. "चला, उपाशी तरी ठेवत नाही." जेवले, आणि मधल्या खोलीत खाटेवर आडवे झाले. मी पश्चिमेच्या खिडकीशी बसून तुम्हाला लिहितो आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वळवणच्या बाजूला ओढ्यावर पोहायला गेलो असताना शाळेतल्या मुलांनी माझी लंगोटी ओढून काढली. दोघांनी हात धरले, एकाने पाय, आणि चौथा निरगुडीची ओली काठी घेऊन नेमकी तिथेच मारू लागला. "तुर्काचं पोर, कापलेलं पोर." मी ओरडलो तसा त्यांनी तोंडात चिखल कोंबला. घरी आलो तेव्हा तुम्ही नुकतेच रेल्वेच्या शेडातून परतला होता, हाताला इंजिनाचं काळं तेल तसंच होतं. मी दारातूनच विचारलं, "मला असं का केलंत? मला विचारलं होतंत का?" तुम्ही कमरेचा पट्टा काढलात. पितळी बक्कल माझ्या पाठीवर बसते आहे, आई मध्ये पडते, तुम्ही तिला ढकलता, ती चुलीच्या कडेवर आपटते आणि तिच्या कपाळातून रक्त येतं, तरी तुमचा हात थांबत नाही. हे सगळं तुमच्या तोंडातून एक शब्द न निघता. मग माझी शुद्ध हरपली असावी, कारण पुढचं आठवतं ते एवढंच, की मी पालथा पडलो आहे आणि तुम्ही पाठीला खोबरेल चोळता आहात. तुम्ही म्हणालात, "बापाने केलेलं अंगावर आहे. ते लपवायचं नाही आणि मिरवायचं नाही." कितीतरी वर्षं मी हे वाक्य तुमचं उत्तर म्हणून जपलं. मुलींनाही अभिमानाने सांगितलं, पट्ट्याचा भाग गाळून. हल्ली वाटतं की तुमच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून पट्टा होता. हे लिहिताना मी तुमच्यावर अन्याय करत असेन. पण आज मीही त्या जागी बसलो आहे, आणि माझ्याकडे तर पट्टाही नाही.

गेल्या वर्षी जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं. शाळेच्या कामासाठी मी वराळ्याला गेलो होतो. तिथून तळेगाव स्टेशनाकडे येताना ओळखीचाच टांगा मिळाला. टांगेवाला मुसलमान, तळेगावचा, वयाने माझ्याएवढा. घोड्याशी गप्पा मारायची त्याला सवय होती. "चल बाबा, मास्तरांची गाडी चुकली तर तुझ्या पाठीवर बसून लोणावळ्याला जातील," असं काहीतरी तो त्याला सांगत होता, तेवढ्यात ओढ्याच्या उतारावर माणसं आडवी आली. बरीचशी बाहेरगावची होती; दोन-तीन चेहरे मला बाजारातले वाटले, पण शपथेवर सांगता येणार नाही. त्यांनी आधी घोड्याच्या पायांवर फरशी कुऱ्हाड घातली. घोडा बसला तसा टांगा कलंडला आणि आम्ही दोघे रस्त्यावर पडलो. कोणी नाव विचारलं नाही. धोतर फेडलं, त्याची विजार फाडली, आणि पाहिलं.

"दोघं बी तसलीच," एकजण म्हणाला.

टांगेवाल्याच्या डोक्यात पहिला घाव बसला तेव्हा ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला. मी ओरडलो की मी मुसलमान नाही. कोणी ऐकेना. तेव्हा मला वाटलं की आपली प्रार्थना म्हटली तर यांना कळेल. मरताना म्हणायची म्हणून तुम्ही शिकवलेली तीच तोंडात आली. उजवा हात डोळ्यांवर धरला आणि मोठ्याने "शेमा इस्राएल" म्हणू लागलो. माझ्या मते तो पुरावा होता. त्यांना तो नमाज वाटला. "बघा, आता पढायला लागला," म्हणत एकाने लोखंडी कांब माझ्या डाव्या कोपरावर हाणली. हाड मोडलं. तो हात अजून सरळ होत नाही.

मला वाचवलं ते वराळ्याच्या एका म्हाताऱ्याने. शेताकडून पळत आला आणि माझ्या अंगावर आडवा पडला. "आरं थांबा, ह्यो शनवार तेली हाय. लोणावळ्याच्या शेडातल्या मिस्त्रीचं पोरगं. ह्याच्या बाच्या हाताखाली खलाशी व्हतो मी."

"मग ह्याचं कापल्यालं कसं?"

"त्यांच्यात बी करत्यात. पर गाय न्हाई खात ती मानसं. शनवारी चूल बी न्हाई पेटवत. मी सवता बगितलंय."

तुमच्या बंद चुलीने मला सोडवलं, बाबा. कांब खाली आली. मग त्यांच्यातल्या एकाने टांगेवाल्याकडे बोट दाखवलं. तो अजून हलत होता. "आन् ह्यो?" म्हाताऱ्याने मान खाली घातली. त्याच टांग्यातून तो जन्मभर बाजाराला गेला असणार. त्याने माझं तोंड आपल्या छातीत दाबलं, मी पाहू नये म्हणून. ऐकू मात्र येत होतं. पुष्कळ वेळ येत होतं.

बाळ झालं त्या दिवसापासून ती मला एकच विचारते आहे. "तुम्हाला ओळखणारा एक म्हातारा होता. ह्याच्या वेळी कोण असेल?" मी सांगितलं की सुंता नसेल तर तो आपल्यातला राहणार नाही, प्रार्थनेत त्याला कोणी धरणार नाही, त्याला मुलगी कोण देणार. ती म्हणाली, "जिवंत असला तर लग्नाचं बघू." मी म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. ती म्हणाली, "त्या पिढ्यांचं धोतर रस्त्यावर कोणी फेडलं नव्हतं. तुमचा हात न्हाऊ घालताना रोज माझ्या हातात असतो, मला नका शिकवू." जे बोलायला हवं ते मला तिच्यापुढे मांडता आलं नाही, तुमच्यापुढे मांडून बघतो. मुलाची कातडी तशीच ठेवली, तर त्या उतारावरच्या माणसांची परीक्षा मी मान्य केली असं होईल. त्यांनी टांगेवाल्याला ज्यावरून मारलं, त्याच खुणेवरून मी माझा मुलगा सोडवून घेतला असं होईल. टांगेवाल्याच्या भावाला त्यानंतर मुलगा झाला, आणि त्यांनी त्याची सुंता केली, गावात राहून. हे मला कळलं त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपणही करायची. पण लगेच दुसरा विचार येतो, की हा सगळा माझा स्वाभिमान झाला, आणि त्याची किंमत भरायची आठ दिवसांच्या पोराने. तत्त्व माझं आणि अंग त्याचं. ओढ्यावरून आल्यावर तुम्हाला मी हेच विचारलं होतं.

वर टांगेवाल्याचं लिहीत असताना ती बाहेर आली. मला वाटलं पाणी प्यायला आली असेल. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. मी नाही म्हटलं म्हणून झालं नाही, असं मला जन्मभर ऐकायचं नाही. करायची असेल तर काकांना उठवा, मी ह्याचे पाय धरीन." मग परत आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं आहे. बाळ झोपलं आहे. मोडक्या हाताने त्याला धरून उजव्याने लिहितो आहे. काकांना एक हाक मारायची की झालं, पण प्रत्येक वेळी मी पुढची ओळ लिहायला घेतो. तुमच्याशी बोलायचं म्हणून लिहायला बसलो होतो, हे खरं आहे. निदान पहिल्या पानापुरतं तरी.

आत्ता मधल्या खोलीतून काकांनी विचारलं, "अरे, दिवस आहे का अजून?"

मी म्हटलं, "मावळला, काका."

"मग राहिलं," ते म्हणाले, आणि पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

समोर ड्यूक्स नोजच्या कड्यावर अजून ऊन आहे.