कोरडवाहूचं प्रकाशन

प्रिय ताई,

फोनवर तू 'बरं हाय न सगळं' म्हणतेस आणि मी उत्तर देण्याआधीच ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. इकडे अमडापुरात सगळं बरं आहे असं लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरं नाही. तुझी भाची प्रतीक्षा माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताटाकडे बघून.

उन्हाळ्यात ती आणि तिचे मित्र अश्वजित व गजेंद्र धामणगावला तुझ्या गोठ्यामागच्या खोलीत गिटार-ड्रम घेऊन राहिले होते, त्यातूनच हे सुरू झालं. त्यांच्या बँडचं नाव 'कोरडवाहू', आणि संगीताचा प्रकार पोस्ट-पंक. म्हणजे काय, असं विचारलं तर ती म्हणाली, पंक म्हणजे चिडून ओरडणं, आणि पोस्ट-पंक म्हणजे ओरडून झाल्यावर विचारात पडणं. हे मला फार जवळचं वाटलं. तसं मी डायरीत लिहिलंही, मग खोडलं. कारण प्रत्यक्ष गाण्याने माझं डोकं दुखलं होतं आणि निदान डायरीत तरी खोटं नको.

त्यांचं पहिलं गाणं गेल्या आठवड्यात बाहेर आलं. भाऊरावकाकांचं म्हणणं, प्रकाशन केल्याशिवाय कुठलीही गोष्ट समाजापुढे येत नाही. पण गाणं निघणार मोबाइलवर. पुस्तकासारखा कागद सोडायचा कशाचा? तेव्हा काकांनी प्रतीक्षाचा मोबाइलच गुलाबी चमकीच्या कागदात गुंडाळला आणि वर फीत बांधली. समाजमंदिरात खुर्च्या, शाली, हार, सगळं रीतसर. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक उकंडराव सर. त्यांनी कागद सोडून फक्त एका ठिकाणी बोट लावायचं होतं, की गाणं इंटरनेटवर जाणार आणि स्पीकरवरही वाजणार. मोबाइलवर दोन रेकॉर्डिंग तयार होती: वर स्टुडिओतलं, खाली तुझ्याकडचं कच्चं. काकांची चिकटपट्टी नेमकी वरच्या नावावर चिकटून राहिली. सरांनी चष्मा लावला आणि जे दिसलं ते दाबलं. टाळ्या पडल्या. स्पीकरवर गाणं सुरू झालं, प्रतीक्षा अंधाराबद्दल काहीतरी म्हणत होती, आणि मध्येच सगळ्या सभागृहाला तुझा आवाज ऐकू आला:

"पोट्टेहो, काय दुःख हाय तुमचं ते जरा हळू सांगा. म्हैस पान्हावून नाही राह्यली."

लोक खुर्च्या धरून हसले. काकांनी माईक घेऊन हे आमच्या बेबीचं मनोगत आहे असं जाहीर केलं, त्याने आणखीच. प्रतीक्षा पांढरी पडली होती. पण दुसऱ्या दिवशी पुण्या-नागपूरच्या अनोळखी मुलांनी लिहिलं की गाण्यातली सगळ्यात भारी जागा म्हणजे त्या बाईंचा आवाज. एकाला त्यात आपल्या काळाचा एकटेपणा दिसला. मला फक्त म्हैस दिसली, पण मी त्यातला जाणकार नाही. पुण्याच्या एका कार्यक्रमाचं बोलावणंही आलं, याच रेकॉर्डिंगवर. त्यांच्यासाठी ते पहिलंच. आणि नेमका तेव्हा मी विचारलं, की आवाज बेबीताईचा, तर तिला विचारलं का? विचारेपर्यंत गाणं उतरवा. पोरगी म्हणाली, आत्या काऊन नाही म्हणन? मी अडून बसलो. तिने उतरवलं, आणि तेव्हापासून अबोला. पुण्याचे लोक येत्या रविवारपर्यंत थांबणार आहेत. मी तत्त्वासाठी अडलो की तू भडकशील या भीतीने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

तर ताई, हे पत्र परवानगीसाठी आहे. तुझा आवाज त्या गाण्यात राहू द्यायचा की नाही, ते तू सांग. नाही म्हणालीस तर गाणं कायमचं उतरेल, पुणंही हुकेल, आणि तुझ्या निर्णयाच्या बाजूने मीच उभा राहीन. एवढ्यावर थांबायचं ठरवलं होतं. पण पोरांची आणखी एक इच्छा गजेंद्रने सांगितली, ती लपवणं बरोबर होणार नाही: ते वाक्य तू पुण्याला येऊन स्टेजवर स्वतः म्हणावंस. तू म्हणशील, धार कोण काढणार? म्हणून तुझ्या शेजारच्या झुंबरबाईंना मी कालच फोन केला. त्या दोन्ही वेळा काढायला तयार आहेत. तुला विचारण्याआधी त्यांना विचारलं, हे मला शोभलं नाही. तरी विचारलं. उत्तर प्रतीक्षालाच दे, म्हणजे ते मला सांगण्यासाठी का होईना, ती बोलेल.

तुझाच, सध्या ताटावर लक्ष ठेवून असलेला,
जीवन