मॉस ऐकेना

एट्रिक, ४ मे १९५८

चि. एल्स्पेथ हिस वॉल्टरदादाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझा केक पोचला. ईस्टरला तू खनपटीस बसून कवळी करायला लावलीस, त्यामुळे बदामसुद्धा चावता आले. बाकी बातमी वाईट. मॉस डोंगरावर माझं ऐकेनासा झालाय. कळप डावीकडून वळव अशी शीळ घातली, की नुसता उभा राहून माझ्याकडे बघतो. काल मेंढ्या ओढ्यात उतरल्या, दोन कोकरं वाहून गेली. मालक म्हणतात, कुत्रा बहिरा झालाय. सतरा तारखेपर्यंत सुधारला नाही तर खाटकाच्या दारात राखणीला बांधायचा. काय करावं, कळव.

तुझा, दादा

हॉइक, ७ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मेंढ्यांमागे धावणारं कोली जातीचं कुत्रं साखळीला बांधलं तर महिन्याभरात वेडं होईल, हे तुला मी काय सांगावं! आधी त्याचे कान बघ. कुसळ, गोचीड काही आहे? पंजे? खातो का? घरी हाक मारली तर येतो? आणि काठी उगारली नाहीस ना? मानी जात आहे, अगदी तुझ्यासारखी. बारीकसारीक सगळं कळव.

तुझी, एल्स्पेथ

एट्रिक, १० मे

चि. एल्स्पेथ, अ. आ.

कान स्वच्छ, पंजे ठीक. ओटची लापशी चाटूनपुसून खातो. अंगणात हाक मारली की धावत येतो, आणि स्वयंपाकघरात चीज कापलं तरी त्याला बाहेर कळतं. डोंगरावर मात्र मी त्याला परका. शेजारीण विचारत होती, अलीकडे तुमची शीळ अशी पातळ का येते? मीच म्हातारा झालो असेन.

दादा

हॉइक, १३ मे

ती. दादा, सा. न.

गिरणीत जाण्याच्या घाईत लिहितेय. मॉस पाच वर्षांचा. तुझे पुढचे दात पडून दहा वर्षं झाली. त्यानं जन्मात तुझी बोळक्या तोंडाचीच शीळ ऐकलीय! कवळी खिशात घाल आणि बघ. चूक माझीच असेल तर खुशाल शिव्या दे.

एल्स्पेथ

एट्रिक, १७ मे

चि. एल्स्पेथ, अनेक आशीर्वाद.

आज मालकांसमोरच कवळी काढली आणि शीळ घातली. मॉसचे कान ताठ झाले आणि तो सुटला! अख्खा कळप वळवून माझ्या पायाशी आणला. मालक टोपी मागे सारून घरी गेले. कवळी आता फक्त तुझ्या केकसाठी.

काम झाल्यावर मॉस कधी लाडात येत नाही. आज अंगावर उडी घेऊन माझं तोंड चाटत राहिला. सहा आठवडे तो मला शोधत होता गं, आणि मी त्याच्या समोरच उभा होतो.

आम्हा दोघांवर माया राहू दे.

तुझा बोळका दादा,
वॉल्टर